पाल पाळायची तर आधी रातकिडे पाळावे लागतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी कुत्रा-मांजर सोडून काय पाळावं यावर एक लेख होता, त्यात लेपर्ड गेको या पालीचं खूप कौतुक आलंय. भुंकत नाही, केस गळत नाहीत, फिरायला न्यावं लागत नाही, आठवड्यातून दोन-तीनदा खायला घातलं की झालं, मुलांसाठी उत्तम वगैरे. सोबतच्या फोटोत ती पाल वाळूवर बसलीये आणि बाजूला सफरचंदाची फोड ठेवलीये. तो फोटो बघितला आणि म्हटलं आता लिहायलाच पाहिजे, कारण त्या एका फोटोत दोन चुका आहेत आणि दोन्ही त्या जीवाला महागात पडणाऱ्या आहेत.

मी मूळची चाळीसगावची, आता बरीच वर्षं न्यू जर्सीत आहे, तुमचा पेपर ऑनलाइन वाचते. आमच्या घरी मुलीची लेपर्ड गेको आहे, रंगावरून तिचं नाव जिलबी ठेवलंय. इकडे अमेरिकेत हा प्राणी अगदी कॉमन आहे, पेट स्टोअरमध्ये साधी गेको तीस-चाळीस डॉलरच्या आसपास मिळते, शाळेच्या वर्गातसुद्धा असते. त्यामुळे आमच्याकडचं बघून पुण्या-ठाण्यातली भाचरं आता व्हिडिओ कॉलवर विचारायला लागलीत, मावशी आम्हाला पण पाहिजे, काय खायला घालायचं सांग. तर जे त्यांना सांगते तेच इथे लिहिते, जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे लेपर्ड गेको फळं खात नाही. भाजी नाही, पोळी नाही, भात नाही, अंडं नाही. ती निव्वळ किडे खाणारी पाल आहे, वनस्पती पचवायची सोयच तिच्या पोटात नाही. आणि किडेसुद्धा हलणारे, जिवंत लागतात, मेलेला वाळवलेला किडा समोर टाकला तर बहुतेक जणी ढुंकूनही बघत नाहीत. आमच्या सासूबाई पहिल्यांदा इकडे आल्या तेव्हा त्यांनी फार आशेने विचारलं होतं की दूध-पोळी कुस्करून दिली तर नाही का चालणार. नाही चालत. शाकाहारी घरात हा विषय आधी सगळ्यांसमोर बोलून घ्यायला हवा, कारण पाल आली की तिच्यामागून जिवंत रातकिड्यांचा डबा येतोच, आणि त्यात चातुर्मास वगैरे काही नसतं.

खरी मेहनत पालीची नाहीचे, किड्यांची आहे. लेखात 'थोडे किडे द्यावेत' एवढ्या तीन शब्दांत जे उरकलंय ना, त्यातच सगळा संसार आहे. रातकिडे आणायचे तर त्यांना वरून जाळी लावलेला मोठा प्लॅस्टिकचा डबा लागतो, आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे ठेवायचे म्हणजे त्यांना लपायला जागा होते (आम्ही अंडी खात नाही, ते ट्रे शेजारणीकडून मागून आणतो, ती आता आपणहून साठवून ठेवते). त्यांना पाणी वाटीत ठेवलं की त्यात बुडून मरतात म्हणून गाजराचे तुकडे नाहीतर पाण्याची जेली द्यायची. डबा दमट झाला की मरतात, गर्दी झाली की एकमेकांना खातात, मेलेले वेळेवर काढले नाहीत की असा वास सुटतो की विचारू नका. मोठे झालेले नर रात्रभर किरकिर करतात. आणि डब्याचं झाकण एकदा नीट लागलं नाही की मग फ्रिजच्या मागून आठवडाभर संगीत ऐका.

मीलवर्म नावाच्या पिवळ्या अळ्या त्यामानाने सोप्या, कोंड्यात नाहीतर ओट्समध्ये राहतात, फ्रिजच्या कमी थंड कप्प्यात ठेवल्या की सुस्त पडून बरेच दिवस टिकतात, मधेमधे बाहेर काढून खायला घालायचं आणि परत आत ठेवायच्या. म्हणजे दह्याच्या भांड्याशेजारी अळ्यांचा डबा, हे ज्या घरात चालणार असेल त्यांनीच पुढे वाचा. सुपरवर्म म्हणून त्यांचे थोरले भाऊ असतात ते मात्र फ्रिजमध्ये मरतात. अजून एक प्रकार म्हणजे डुबिया नावाची झुरळं, दक्षिण अमेरिकेतली, गुळगुळीत काचेवर चढता येत नाही, आवाज नाही, वासही कमी, आणि मांस भरपूर. जाणकार लोक रातकिड्यांपेक्षा हीच चांगली म्हणतात. पण आपल्या घरात पैसे देऊन झुरळं विकत आणणं याला एक वेगळंच काळीज लागतं, मला अजून ते जमलेलं नाही, नवरा हाताळतो.

आता मुख्य मुद्दा. हे किडे आणले आणि तसेच पालीसमोर टाकले तर ती पोटभर खाऊनही आतून उपाशी राहते. कारण रातकिडा काय, मीलवर्म काय, यांच्या अंगात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी नावाला. पालीला लागतं त्याच्या उलट, म्हणजे साधारण दोन भाग कॅल्शियमला एक भाग फॉस्फरस. जास्तीचा फॉस्फरस पोटात कॅल्शियमला धरून ठेवतो, मग शरीराला रक्तात पुरेसं कॅल्शियम ठेवण्यासाठी ते कुठूनतरी आणावं लागतं, आणि ते हाडांतून ओढलं जातं. हाडं मऊ पडत जातात. जबडा रबरासारखा वाकतो, पाय धनुष्यासारखे होतात, चालताना पोट जमिनीला घासतं, बोटं थरथरतात, पाठीचा कणा वाकडा होतो. मेटाबोलिक बोन डिसीज म्हणतात याला, आणि पाळलेल्या सरपटणाऱ्या प्राण्यांमध्ये हा आजार सर्रास दिसतो. वाईट असं की वाकलेलं हाड नंतर सरळ होत नाही, उपचाराने फार तर आजार तिथे थांबतो.

यावर उपाय दोन आणि दोन्ही रोजच्या कामात बसवायचे आहेत. एक म्हणजे किडा पालीला देण्याच्या आधी एक-दोन दिवस त्यालाच चांगलंचुंगलं खायला घालायचं. पालेभाजी, गाजर, रताळं, लाल भोपळा. इकडे याला गटलोडिंग म्हणतात. म्हणजे किड्याच्या पोटात जे आहे तेच शेवटी पालीच्या पोटात जातं. मेथीची जुडी निवडून झाली की उरलेल्या देठ-पानांवर आमच्याकडे रातकिड्यांचा हक्क असतो, फक्त ती पानं आधी स्वच्छ धुतलेली पाहिजेत, फवारणीचं औषध राहिलं तर आधी किडे मरतात आणि मग पाल. दुसरं म्हणजे खायला द्यायच्या जस्ट आधी किडे एका डब्यात घेऊन त्यावर कॅल्शियम कार्बोनेटची बारीक पावडर टाकायची आणि डबा हलवायचा, किडे पांढरे दिसायला लागले की झालं. आणि ही पावडर म्हणजे पानाला लावायचा चुना नव्हे हं! हे मुद्दाम लिहितेय कारण एका भाच्याने खरंच विचारलं होतं. तो चुना वेगळा, त्याने तोंड भाजतं.

पावडरीतही भानगड आहे. कॅल्शियम अंगात जिरायला डी-3 जीवनसत्त्व लागतं, ते एकतर पावडरीतून द्यायचं नाहीतर पाल ठेवतो त्या काचेच्या टाकीवर यूव्हीबीचा, म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा, दिवा लावायचा. पूर्वी सगळे म्हणायचे की ही संध्याकाळी बाहेर पडणारी पाल, हिला ऊन लागतच नाही. आता मत बदललंय, जंगलात ती पहाटे आणि संध्याकाळी थोडं कोवळं ऊन घेते म्हणून कमी ताकदीचा यूव्हीबी दिवा बरेच प्राण्यांचे डॉक्टर सुचवतात. दिवा असेल तर रोजची पावडर डी-3 शिवायची, आणि डी-3 वाली नि मल्टिव्हिटॅमिन अधूनमधून. दोन्ही भरमसाट दिलं तर डी-3 अंगात साठून त्रास होतो. नक्की किती ते तुमच्या डॉक्टरला विचारा, पालीचं वय आणि दिवा यावर ते अवलंबून आहे.

किडा किती मोठा? पालीच्या दोन डोळ्यांमध्ये जेवढं अंतर तेवढा, त्याहून मोठा नको. किती वेळा? पिल्लांना रोज, जरा मोठी झाली की एक दिवसाआड, आणि पूर्ण वाढलेल्या पालीला आठवड्यातून दोन-तीनदा. पालीच्या लांबीच्या दर इंचाला दोन किडे असा एक ढोबळ हिशोब लोक करतात, पण मी म्हणेन शेपटीकडे बघा. लेपर्ड गेको चरबी शेपटीत साठवते, शेपूट मानेइतकी जाड असली की बरं चाललंय, बारीक व्हायला लागली की काहीतरी बिघडलंय, आणि मानेपेक्षा जाड होऊन पुढच्या पायांच्या बगलेत गोळे दिसायला लागले की खाणं कमी करा. घरातल्या पाली जंगलातल्यांपेक्षा कितीतरी सुस्त असतात, त्यामुळे लठ्ठ गेको ही इकडे फार नेहमीची गोष्ट आहे.

वॅक्सवर्म नावाची एक मऊ पांढरी अळी मिळते, ती पालींना पेढ्यासारखी लागते. निव्वळ चरबी. दोन-चारदा दिली की बाई बाकी काही खायला तयार होत नाहीत, मग आठ-आठ दिवस उपोषण. ती कधीतरीच. त्याउलट ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्यांत मुळातच कॅल्शियम चांगलं असतं, पावडर लावायचीही फारशी गरज नसते. तुमच्याकडे गच्चीत कंपोस्ट करणाऱ्यांना या अळ्या माहीत असतील, ओल्या कचऱ्यात आपोआप होतात त्याच त्या. फक्त त्या कंपोस्टातल्या उचलून देऊ नका, खायला घालायला म्हणून स्वच्छ वाढवलेल्या वेगळ्या असतात.

संध्याकाळी द्यायचं, दिवे मंद झाल्यावर, तीच तिची शिकारीची वेळ. खाऊन उरलेले रातकिडे रात्री टाकीत सोडायचे नाहीत, ते झोपलेल्या पालीला चावतात, डोळ्यांजवळ आणि बोटांना जखमा करतात. हे ऐकून लोकांना गंमत वाटते, पण भुकेला रातकिडा काहीही कुरतडतो. एका उथळ वाटीत स्वच्छ पाणी मात्र कायम पाहिजे.

बागेतले, अंगणातले किडे पकडून द्यायचे का, हा प्रश्न सगळी मुलं विचारतात कारण ते फुकट असतात. नको. कीटकनाशकं, जंत, काय असेल सांगता येत नाही. आणि काजवे तर कधीच नाही! न्यू जर्सीत जून-जुलैत संध्याकाळी लॉनवर काजवेच काजवे, पोरं बरण्यांत धरतात, आणि त्यातल्या एखाद्याला वाटतं की चला पालीला देऊ, चमकतोय म्हणजे तिला दिसेल. काजव्यांच्या अंगात बेडकाच्या विषासारखं एक हृदयावर परिणाम करणारं विष असतं, एका काजव्याने पाळीव सरडे मेल्याची नोंद अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी करून ठेवलेली आहे. ज्या भागात सरडा आणि काजवा एकत्र वाढले तिथले सरडे त्यांच्या वाटेला जात नाहीत, आपली टाकीतली पाल बिचारी समोर हललं ते गिळते. भंडारदऱ्याला काजवे बघायला जाणाऱ्यांच्या घरात पाल असेल तर लक्षात असू द्या.

खाण्याइतकंच उष्णतेचं. पालीचं अंग बाहेरच्या उबेवर चालतं, खाल्लेलं पचायला ऊब लागते, म्हणजे कॅल्शियम-बिल्शियम सगळं केलं आणि टाकी गार असली तर ते पोटात तसंच पडून राहतं. टाकीच्या एका टोकाला जमीन साधारण 32 ते 35 अंश सेल्सियस, दुसऱ्या टोकाला 24-25, आणि मधे तिने हवं तसं फिरायचं. रात्री 20-21 पर्यंत उतरलं तरी चालतं. दिवा असो की खालची गरम मॅट, थर्मोस्टॅटशिवाय लावायची नाही, आणि ते विजेवर तापणारे नकली दगड मिळतात ते तर घेऊच नका, पाल त्यावर बसून राहते आणि पोट भाजतं तरी तिला उठायचं कळत नाही. टाकी कमीत कमी 75 सेंटीमीटर लांब, जमलं तर 90 बाय 45. दोन्ही टोकांना लपायला गुहा, आणि एक तिसरी ओलसर गुहा, आत ओलं शेवाळ नाहीतर ओला टिश्यू. कात टाकायच्या वेळी ती तिथे जाऊन बसते. हवा कोरडी पडली की बोटांवर कातेची रिंग अडकते, दोरा बांधल्यासारखं रक्त अडतं आणि बोट गळून पडतं. कात निघाली की ती स्वतःच खाऊन टाकते, घाबरू नका.

वाळूचं आता. लोकांना वाटतं वाळवंटातला प्राणी म्हणजे वाळू पाहिजे. ही पाल मुळात पाकिस्तान, अफगाणिस्तान, त्या पट्ट्यातल्या खडकाळ, कडक मातीच्या कोरड्या मुलखातली, शास्त्रीय नावाने तिची पहिली नोंद 1854 साली एडवर्ड ब्लाइथने केली, तीही पंजाबातल्या मिठाच्या डोंगररांगेतल्या नमुन्यावरून. ब्लाइथ कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयात होता. म्हणजे भुसभुशीत वाळूचे ढिगारे तिच्या नशिबात कधी नव्हतेच. किड्याबरोबर वाळू गिळली जाते, पोटात साचते, आतडं बंद पडतं. कॅल्शियमची वाळू म्हणून जी विकतात ती तर अजून वाईट, कॅल्शियम कमी पडलं की पाल ती मुद्दाम चाटते. पिल्लू असेल तर खाली साधा पेपर टॉवेल, मोठी असेल तर खडबडीत फरशी. तुमच्याकडे तर शहाबादी फरशीचा तुकडा कुठेही मिळेल, त्यावर नखंही आपोआप घासली जातात. घाण पण ती एकाच कोपऱ्यात करते, रोज तेवढी पुसायची. हे एक मात्र खरंच सोपं आहे, लेखकाला इथे पूर्ण मार्क.

दोन पाली एकत्र ठेवू नका. तिला कंटाळा येईल, मैत्रीण पाहिजे, हे सगळं माणसांचं. दोन नर असतील तर रक्तबंबाळ, आणि माद्या असल्या तरी एक दांडगी दुसरीला खाऊ देत नाही. आणि मादी एकटी असली तरी नर नसताना अंडी घालू शकते, कोंबडीसारखीच रिकामी, तेव्हा तिचं कॅल्शियम अजून झपाट्याने जातं. शेपटीला धरून उचलायचं नाही, घाबरली की शेपूट टाकते. नवीन येते पण ती आखूड फुगीर मुळ्यासारखी, आणि साठवलेली सगळी चरबी गेलेली असते त्यामुळे तेव्हा जास्त खायला घालावं लागतं. नवीन घरी आल्यावर आठवडाभर खाल्लं नाही तर लगेच घाबरू नका, हात लावू नका, लपून बसू द्या. पण शेपूट काडीसारखी बारीक होत चाललीये आणि पातळ शी होतेय तर थांबू नका, क्रिप्टो नावाचा एक परजीवी आजार असतो, त्यावर खात्रीचं औषध नाही आणि तो दुसऱ्या पालींना पसरतो. शीची तपासणी करून घ्यावी लागते.

घरात लहान बाळ किंवा आजी-आजोबा असतील तर साल्मोनेलाचा विचार करा. निरोगी दिसणाऱ्या पालीच्या पोटातही हे जंतू असतात. अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्य संस्था स्पष्ट सांगते की पाच वर्षांखालची मुलं, 65 च्या वरची माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांच्यासाठी सरपटणारे प्राणी योग्य नाहीत. इकडे 1975 पासून चार इंचांपेक्षा लहान पाठीची कासवं विकायला बंदी आहे, तीही याच कारणाने, पोरं ती तोंडात घालायची. हात लावला की साबणाने हात धुणे, आणि टाकीतली वाटी-गुहा स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये न धुणे, एवढं तरी पाळा. आमच्याकडे त्यासाठी बाथरूममध्ये वेगळी बादली आहे आणि तिला दुसरं कोणी हात लावत नाही.

रंगांबद्दल लेखात फार होतं, पिवळी, पांढरी, नारिंगी अशा जाती मिळतात वगैरे. या जाती नाहीत हो, माणसांनी निवडून निवडून तयार केलेले रंग आहेत, मॉर्फ म्हणतात. त्यातला लेमन फ्रॉस्ट नावाचा एक मॉर्फ काही वर्षांपूर्वी अतिशय महाग विकला जायचा. त्यातल्या बहुतेक पालींना त्वचेतल्या रंगपेशींच्या गाठी होतात, कॅन्सरच, आणि 2021 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या शास्त्रज्ञांनी शोधून काढलं की त्यामागे स्पिंट-1 नावाच्या जीनमधला बदल आहे, जो रंग देतो तोच गाठी देतो. एनिग्मा नावाचा दुसरा मॉर्फ, त्यातल्या कितीतरी पालींचा तोल बिघडलेला असतो, मान वाकडी, जागच्या जागी गोल फिरत राहतात, किडा समोर असून तोंड भलतीकडे मारतात. बघणाऱ्याला ते क्यूट वाटतं आणि व्हिडिओला लाइक मिळतात. साधी ठिपक्याठिपक्यांची घ्या, घ्यायचीच असेल तर.

आणि घ्यायचीच का, हे महाराष्ट्रात बसून विचार करताना अजून वेगळं आहे. लेपर्ड गेको 15 ते 20 वर्षं जगते. आज सहावीतल्या मुलासाठी आणली तर तो इंजिनिअरिंगला गेल्यावर, नोकरीला बंगलोरला गेल्यावर, लग्न झाल्यावरसुद्धा ती तुमच्या हॉलमध्ये असेल आणि रातकिडे तुम्ही पाळत असाल. इकडे आम्हाला किडे कुरिअरने घरपोच मिळतात, तरी 2010 च्या सुमारास एका विषाणूने अमेरिकेतल्या रातकिड्यांच्या मोठमोठ्या फार्मांची पार वाट लावली होती. तिकडे मोठ्या शहरांत मीलवर्म विकणारे आता आहेत पण जळगाव-धुळ्याला काय करणार? पालीचं बघणारा डॉक्टर कुठे आहे? कुत्र्या-मांजरांचे चांगले डॉक्टरही पाल समोर ठेवली की हात वर करतात, त्यात त्यांचा दोष नाही, तो वेगळा अभ्यास आहे. मुंबईच्या पावसाळ्यात घरातली दमट हवा तिच्या छातीला त्रास देणार, खानदेशातला 44-45 अंशांचा मे महिना तर तिला सरळ मारेल. गरम करायला दिवा लावता येतो, गार ठेवायला दिवसभर एसी लावणार का एका पालीसाठी?

शिवाय ती आली कुठून हाही प्रश्न आहे. बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या बॅगांमध्ये सरडे, साप, कासवं सापडल्याच्या बातम्या तुमच्याच पेपरात दर थोड्या दिवसांनी असतात. त्यातले किती वाटेतच मरतात. वन्यजीव कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली, एप्रिल 2023 पासून ती लागू आहे, आणि विदेशी प्राण्यांपैकी बऱ्याच प्रजातींची नोंद आता सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. विकणारा बिल देत नसेल, प्राणी कुठून आला सांगत नसेल, वनखात्याला विचारू नका म्हणत असेल तर तिथून निघून यायचं.

अजून एक, जे लेखात यायला हवं होतं आणि आलंच नाही. या पालीची सख्खी बहीण आपल्याकडे रानात राहते. महाराष्ट्र-गुजरातच्या कोरड्या माळरानांत आणि खडकाळ भागात एक प्रजाती आहे, तशीच जाड शेपटीची, डोळ्यांना पापण्या असलेली, भिंतीवर चढता न येणारी. सातपुड्यातली तर 2014 मध्ये वेगळी प्रजाती म्हणून जाहीर झाली, युब्लेफॅरिस सातपुराएन्सिस असं तिचं नाव सातपुड्यावरूनच ठेवलंय. पावसाळ्याच्या रात्री ती बाहेर पडते, आणि लोक तिला विषारी समजून काठीने मारतात. एकही गेको विषारी नसते, जगातली एकही नाही. इंटरनेटवर तीस डॉलरची गेको बघून उद्या कोणी पोरगं टॉर्च घेऊन माळावर जाईल आणि बरणीत भरून आणेल, ही मला खरी भीती आहे, आपल्या लेखाने तशी कल्पना कोणाला देऊ नये. रानातली पाल उचलणं कायद्याने अडचणीचं आहेच, पण टाकीत ती जंतांनी आणि घाबरून मरते.

माझी विनंती एवढीच की पुढच्या पुरवणीत छोटी का होईना दुरुस्ती छापा. त्यात फळं-भाज्या देऊ नयेत, वाळू घालू नये, काजवे देऊ नयेत, किड्यांना कॅल्शियम लावल्याशिवाय देऊ नये आणि लहान बाळाच्या घरात आणू नये, एवढं आलं तरी पुष्कळ. आणि जमलं तर मुंबई-पुण्यातल्या एखाद्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरला गाठून त्यांच्याकडूनच एक लेख लिहून घ्या, रातकिड्यांसकट. फोटो हवा असेल तर जिलबीचा फरशीवरचा पाठवते, सफरचंदाशिवायचा.

आपली,
एक नियमित वाचक, न्यू जर्सी